जमिनीची स्थळं बघणारे काका

कुठल्याही नव्या जागेत गेले की मी आधी चप्पल काढते. मॉल असो, बँक असो, दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना असो. नवऱ्याला याची फार लाज वाटते. परवा आम्ही नायगावला एका टॉवरमधला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो. बाकीची मंडळी हॉलमधल्या झुंबराकडे माना वर करून बघत होती आणि मी स्वयंपाकघरात, सिंकच्या पुढे थोडं पाणी सांडून त्यावर अनवाणी, डोळे मिटून उभी होते. फ्लॅट दाखवणाऱ्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, मला चक्कर येतेय. त्या खुर्ची आणायला निघाल्या, तेव्हा नवरा दुसरीकडे बघत म्हणाला, "राहू द्या, तिचं नेहमीचंच आहे."

ही खोड मला काकांनी लावली. काका नात्याने माझे कोणी नव्हते, ते माझे पहिले मालक. वसई पूर्वेला कारखान्यांच्या रांगेत त्यांचा एक गाळा होता आणि त्यांचा धंदा जमिनीला लेप लावण्याचा. कारखान्यांत, दवाखान्यांत, गोदामांत सिमेंटच्या जमिनीवर रेझिनचा जो सलग, बिनसांध्याचा थर ओततात, तो. हल्ली हौशी लोक घरातही करून घेतात. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले होते आणि आचोळ्यात घरी बसून कंटाळले होते. कोणीतरी सांगितलं, तिथे ऑफिसात मुलगी हवी आहे. गेले.

गाळ्याच्या दारात सिमेंटच्या पाट्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा लेप. त्यांच्या मागे पांढरा लेंगा, पांढरा सदरा घातलेले, पण पायात काहीच नसलेले एक गृहस्थ उभे. सदऱ्याच्या खिशात सोनचाफ्याचं फूल.

"चपला काढ, बाय," ते म्हणाले. "यातल्या कुठल्या पाटीवर तुला उभं राहावंसं वाटतं?"

मी सगळ्यात चकचकीत पाटीवर उभी राहिले. त्यांनी शांतपणे तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि म्हणाले, "आता एक पाऊल टाक."

मी पाऊल टाकलं आणि पटकन भिंत धरली. ते खाली वाकून माझ्या पायांकडे बघत होते.

"तोंड तर हसतंय तुझं. पण बोटं बघ."

मी बघितलं. माझ्या पायांची बोटं आवळून पाटीत रुतायला बघत होती.

"माणूस घसरायला घाबरला की बोटं आवळतो. तोंड खोटं बोलेल, बोटं नाही बोलणार. उद्यापासून ये."

केमिस्ट्रीतला एक प्रश्न त्यांनी विचारला असेल तर शपथ. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर आईचा चेहराच बदलला. "पाय बघून नोकरी दिली? काही जायचं नाही तिकडे." दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर आली, भांडायच्या तयारीने. काकांनी तिलाही चपला काढायला लावल्या. आईने सगळ्यात खरखरीत पाटी निवडली आणि म्हणाली, "माझ्या माहेरचं अंगण अस्संच लागायचं पायाला." मग त्या दोघांनी तासभर अंगणांवर गप्पा मारल्या आणि माझी नोकरी पक्की झाली.

काकांच्या मते कोटिंग निवडणं म्हणजे मुलीला स्थळ बघणं. जमीन ही मुलगी आणि लेप हा नवरा. गिऱ्हाईक आलं की ते अगदी गंभीर चेहऱ्याने एकेक स्थळ सांगत. "एपॉक्सी दिसायला राजबिंडा. कडक, गुळगुळीत, त्याच्यात तोंड बघून भांग पाडा. पण उन्हात बसवला की पिवळा पडतो, उकळतं पाणी पडलं की रुसतो, आणि जमीन खालून ओलसर असली तर सरळ अंग सोडून उठतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, त्याच्यापेक्षा लवचीक. ऊन सोसतो, चारचौघांत चमकत नाही, पण संसार करतो. पीयू काँक्रीट म्हणजे जाडजूड रांगडा गडी. उकळतं पातेलं त्याच्यावर उपडं करा, हूं की चूं करायचा नाही. आणि पॉलिअस्पार्टिक हा घाईचा नवरा. सकाळी लावला की संध्याकाळी त्याच्यावर गाडी उभी करा. पण लावताना चुकलात तर सुधारायला वेळ म्हणून देत नाही."

एकदा एक तरुण डॉक्टरीणबाई आपल्या नव्या दवाखान्यासाठी आल्या होत्या. त्यांनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, दवाखान्याचं नंतर बघू. तो दुसरा सध्या मोकळा आहे का?" काका इतके खूश झाले की त्यांना घरच्या केळ्यांची फणी दिली.

गिऱ्हाइकाला हवा असायचा रंग. काका रंगाचं कार्ड कपाटात कुलूप लावून ठेवत. "रंग शेवटी. आधी सांगा, तिथे कोण चालणार? आणि पुसणार कोण?" हे दोन प्रश्न त्यांनी विचारले नाहीत असं एकही काम माझ्या आठवणीत नाही. जागेचे मालक उत्तर द्यायला लागले की ते हात वर करत. "तुम्ही पुसता का? नाही ना? मग जी पुसते तिला बोलवा." मग ती बाई पदराला हात पुसत यायची आणि हे तिला विचारायचे, पाणी गरम घेतेस की गार, फिनेल टाकतेस का, बादली ओढतेस की उचलतेस. मालक घड्याळाकडे बघत उभे.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे जमिनीची नाडी बघणं. वसईची जमीन वरून कितीही कोरडी दिसली तरी खाली पाणी बसलेलंच असतं. म्हणून काका जागेवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून यायचे. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून थेंब साचलेले दिसले की एपॉक्सीचं स्थळ बाद. गिऱ्हाईक म्हणायचं, शेजारच्यांनी तर एपॉक्सीच केलंय. काका म्हणायचे, "मग पावसाळ्यानंतर शेजारच्यांकडे चहाला जा."

या स्वभावामुळे धंदा कसा चालत होता हे मला आजही कोडं आहे. चांदीपला एका हौशी माणसाने शेतघर बांधलं होतं आणि त्याला गोठ्यात चकचकीत एपॉक्सी हवं होतं, फोटो छान येतात म्हणून. काका तिथे गेले, गोठ्यात उभे राहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. कोण चालणार? तो म्हणाला, गाय. काकांनी मला गाडीतून काळी चकचकीत पाटी आणायला सांगितली, त्यावर पाणी मारलं आणि गाईपुढे ठेवली. गाईने पाटी हुंगली, एक खूर टेकवला, तो सरकला, तिने तो झटकन मागे घेतला आणि पाटीवर शेण टाकलं. काका म्हणाले, "चला बाय, नकार आला." आणि आम्ही परत आलो. पाटी मी धुतली.

नायगावच्या एका जोडप्याला हॉलच्या जमिनीवर समुद्र हवा होता. निळं पाणी, आत कासवं, मासे, वरून काचेसारखा एपॉक्सीचा थर. हॉलला पश्चिमेची ही मोठी खिडकी. काकांनी समजावून सांगितलं की ऊन येऊन तुमचा समुद्र पिवळा पडेल. तो मुलगा हट्टाला पेटला. तेवढ्यात काकांचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या वडिलांकडे गेलं. "तुम्हाला चालेल का हो समुद्र?" वडील म्हणाले, मुलांची हौस आहे. काका त्यांच्या पायांकडे बघत राहिले आणि आम्ही ते काम घेतलं नाही. दुसऱ्या कोणीतरी केलं. काही महिन्यांनी त्या मुलाचाच फोन आला. म्हणाला, बाबा हॉलमधून चालत नाहीत, भिंतीला हात लावून कडेकडेने जातात, कासवावर पाय पडतो म्हणतात. काकांनी त्यांना एक लांबलचक सुती सतरंजी पाठवून दिली, खिडकीपासून बाबांच्या खोलीपर्यंत पुरेल अशी.

रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचा डबा उघडला की गाळ्यात नाक झोंबायचं. तेव्हा काका खिशातलं सोनचाफ्याचं फूल नाकाशी धरायचे. ही फुलं त्यांच्या वाडीतली. वसई पश्चिमेला त्यांची वडिलोपार्जित वाडी होती. केळी, पानवेली, मोगरा आणि घराच्या दोन्ही अंगांना चाफा. रोज सकाळी काकी त्यांच्या खिशात फूल खोवायच्या आणि बरोबर काहीतरी टोमणाही.

टोमणा ठरलेला. काकींच्या स्वयंपाकघराची जमीन.

साऱ्या तालुक्याच्या जमिनी जुळवणाऱ्या या माणसाच्या घरी जुना लाल कोबा होता, जागोजागी फुटलेला. पावसाळ्यात त्याला खालून घाम फुटायचा. काकी तिथे मोठमोठी पातेली चढवायच्या, पेज गाळायच्या, मासळी धुवायच्या, आणि ओल्या पायांनी जपून जपून वावरायच्या. एकदा त्या घसरून बसल्याच. कंबर वाचली. काका दर महिन्याला पाटी घरी आणायचे, स्वयंपाकघरात ठेवायचे, काहीतरी खोट काढायचे आणि परत न्यायचे. "दुसऱ्यांच्या पत्रिका जुळवणं सोपं, बाय," ते मला म्हणायचे. "आपल्या घरात रोज तोंड बघायचं असतं."

ते दोघं घरात त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलत आणि भांडण रंगात आलं की मला निम्मं कळत नसे. पण एक दिवस काकींनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं.

"हे बघा, पोरगी पहिल्या बाळंतपणाला येतेय. ती यायच्या आत जमीन झाली पाहिजे, आणि लेपाचा तो घाणेरडा वासही गेला पाहिजे. नाहीतर मी टाइल्सवाल्याला बोलावते."

टाइल्स! काकांना जणू बायको दुसरं लग्न करते म्हणाली. टाइल्सला सांधे असतात, सांध्यांत घाण बसते, आणि त्याहून मोठं म्हणजे सगळ्या वसईला कळलं असतं की याच्या घरी टाइल्स आहेत. ते दुसऱ्या दिवशी गाळ्यात आले ते कामाला लागूनच.

नवरा ठरायला वेळ लागला नाही. ओल, उकळतं पाणी, मासळीचं पाणी, जड पातेली, तेव्हा पीयू काँक्रीट. अडलं ते वाळूवर. लेप ओला असताना त्यावर वाळू पेरतात, म्हणजे पाय घसरत नाही. बारीक पेरली तर काकींचे ओले पाय घसरणार. जाड पेरली तर उद्या रांगणाऱ्या पोराचे गुडघे सोलणार. काकांनी तीन पाट्या करायला सांगितल्या, बारीक, मध्यम आणि जाड.

आमच्याकडे एक जुने कारागीर होते, नायगावकडच्या मिठागराच्या गावातले. खिळ्यांचे बूट घालून ते ओल्या लेपावर असे चालायचे की एक बुडबुडा राहायचा नाही. ते आणि काका यांचा एक खेळ होता. कारागीर पाट्या हव्या तशा मांडायचे, पाणी मारायचे, आणि काका डोळे मिटून एकेकीवर उभे राहून ओळखायचे. काका कधी चुकल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाहेरची माणसं मुद्दाम बघायला थांबायची.

त्या दिवशी काका पहिल्या पाटीवर उभे राहिले. डोळे मिटलेले. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा बारीक."

तो जाड होता.

कारागिरांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "शेट, परत एकदा बघा ना. पानी कमी पडलं असंल."

त्यांनी पुन्हा पाणी मारलं. काका पुन्हा उभे राहिले, जरा पाय घासले. "बारीकच आहे रे."

"काका," मी म्हणाले, "तो जाड आहे."

त्यांनी डोळे उघडले, पाटीकडे बघितलं आणि खाली उतरले. त्यांची टाच जिथे होती तिथे पाण्यात लाल डाग पसरत होता. कटरच्या पात्याचा तुटका तुकडा त्यांच्या टाचेत घुसलेला होता, कोण जाणे कधीचा. ते त्या डागाकडे बघत राहिले आणि मला विचारलं, "हे कोणाचं?"

मला तेव्हा रडूच आलं. मी ते लपवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, साखर. पायांच्या नसा मंद झाल्यात, यापुढे घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. काकींना आश्चर्य वाटलं नाही. "मला कधीचं माहीत आहे. त्या दिवशी भाताची उकळती पेज सांडली, हे तिच्यात उभे राहून पेपर वाचत होते. मी ओरडले तेव्हा बाजूला झाले. विचारलं तर म्हणाले, कोमट होती." त्यांनी बाजारातून मऊ, काळे, पट्ट्याचे सँडल आणले आणि काकांच्या पायात स्वतः घातले.

काका गाळ्यात यायचे बंद झाले. मी फोन केला की म्हणायचे, तूच बघ. मी कामावर जाऊन विचारायची, कोण चालणार, पुसणार कोण, आणि उत्तरं घेऊन गाडीत बसले की ती सांगायची कोणाला हे कळायचं नाही. कारागीर एकदा डबा खाताना म्हणाले, "ताई, शेटला पाय गेल्याचं दुख नाय. आपल्या घरचंच काम रायलं, त्याचं हाय." ते खरं होतं. मुलगी यायचे दिवस जवळ येत होते आणि काकींच्या अंगणात टाइल्सची खोकी येऊन पडली होती.

एका सकाळी आम्ही दोघांनी त्या तिन्ही पाट्या टेंपोत घातल्या आणि वाडीत गेलो.

काका ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. पायात सँडल, मांडीवर सोनचाफ्याचं फूल. पाट्या बघून त्यांनी मान फिरवली.

"न्या परत. ज्याच्या पायाला जमीन कळत नाही, त्याने जमीन निवडायची? लावू दे तिला टाइल्स."

"काका, आम्ही उभे राहून सांगतो ना तुम्हाला."

"तुम्ही सांगाल. पण मला कळायला पाहिजे ना, बाय."

तेवढ्यात काकी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हातात डाव.

"अहो, गिऱ्हाईक आलं की तुम्ही पहिलं काय विचारता?"

काकांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

"सांगा ना. साऱ्या गावाला विचारता."

"कोण चालणार," काका पुटपुटले.

"मग सांगा. माझ्या स्वयंपाकघरात कोण चालणार?"

"तू. पोरगी. मग तिचं पोर."

"पोर काय आल्या आल्या चालतं?"

झोपाळा थांबला. काकांनी फूल बाजूला ठेवलं, काकींकडे बघितलं, मग आमच्याकडे. "आत न्या पाट्या," ते म्हणाले. "आणि पाणी मारा."

आम्ही पाट्या स्वयंपाकघरात ओळीने मांडल्या. काकांनी लेंगा गुडघ्यांच्या वर गुंडाळला, चुलीकडच्या ओट्याला धरून खाली बसले, मग दोन्ही तळहात टेकले. आणि रांगायला लागले.

मला आधी कळलंच नाही की हसायचं की काय करायचं. पांढऱ्या केसांचा, जाडजूड माणूस, पायात काळे सँडल, ओल्या पाट्यांवरून रांगतोय. जाड वाळूच्या पाटीवर त्यांनी गुडघा ठेवला आणि ओरडले, "आई गं! हा पोराला सोलून काढेल." बारीक पाटीवर हात टेकताच तो सरकला आणि हनुवटी आपटता आपटता वाचली. "हा तुला पाडेल गो." मग मधल्या पाटीवर आले. डोळे मिटले. पुढे रांगले, मागे रांगले, तळहात गोल फिरवला. मग सरळ आडवे होऊन त्या ओल्या पाटीवर गाल टेकला आणि तसेच पडून राहिले.

"कळतंय," ते म्हणाले. "बाय, हाताला कळतंय गं."

कारागीर तोंड फिरवून खिडकीतून चाफ्याकडे बघायला लागले.

"उठा आता," काकी म्हणाल्या. "लोकं बघतायत."

"थांब. तू ये आधी. पाय ओले कर आणि या पाटीवर उभी राहा."

"अहो, काय हे..."

"राहा गो."

काकींनी साडी जरा वर धरली, पाय ओले केले आणि मधल्या पाटीवर उभ्या राहिल्या. काका जमिनीवर आडवे, तोंड त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर. इतक्या जवळून ते बोटं बघत होते की काकी लाजून लालबुंद झाल्या. "एक पाऊल टाक. आता वळ. पातेलं उचलल्यासारखं कर." काकींनी रिकाम्या हातांनी पातेलं उचललं, वळल्या, ठेवलं.

"मोकळी आहेत," काका म्हणाले. "एकही बोट आवळलं नाहीस तू."

"पाय जरी गेले तुमचे," काकी म्हणाल्या, "माझे आहेत ना अजून."

काकांनी जमिनीवरूनच त्यांच्या पावलावर हात ठेवला आणि काही वेळ तो काढला नाही.

जमीन त्या आठवड्यात झाली. कोबा खरवडला, लेप ओतला, वर मध्यम वाळू. काका दाराबाहेर स्टुलावर बसून ओरडत होते आणि कारागीर आतून "व्हय शेट, व्हय शेट" म्हणत आपल्याला हवं तेच करत होते. शेवटी काकांनी स्वतः गाळ्यातून रंगाचं कार्ड आणलं आणि काकींच्या हातात दिलं. काकींनी ते उलटसुलट बघितलं आणि बोट ठेवलं ते जुन्या कोब्याच्या लाल रंगावर. काका म्हणाले, "एवढं सगळं करून तोच?" काकी म्हणाल्या, "मग? मला कुठे रंग बदलायचा होता?" अंगणातल्या टाइल्सचं त्यांनी कोंबड्यांचं खुराडं करून घेतलं. वाडीत ते एकच खुराडं असेल जिथे कोंबड्याही जरा जपून चालतात.

काका पुन्हा गाळ्यात यायला लागले, सँडल घालून. पाट्यांवर आता गिऱ्हाइकाला चालायला लावायचे आणि स्वतः समोर बुटक्या पाटावर बसून त्याच्या पायांकडे बघायचे. घरात लहान मूल आहे असं कोणी म्हटलं की मात्र ते लेंगा गुंडाळायला लागायचे आणि मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायची की घाबरू नका.

मुलगी झाली. म्हणजे काकांना नात झाली. ती त्या जमिनीवर रांगली, लोळली, पेज सांडून तिच्यात बसली, गुडघ्याला कधी ओरखडा आला नाही. मी काहीतरी निमित्त काढून वरचेवर जायची. आणि एका दुपारी, मी ओट्याशी चहा घेत असताना, तिने पिठाच्या डब्याचा आधार सोडला.

काकी ओरडल्या, लेकीने फोन काढला, मी टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांच्या नजरा तिच्या चेहऱ्यावर, ती हसतेय की रडतेय ते बघायला. काका कुठे दिसेनात. मग बघितलं, ते तिच्या वाटेतच जमिनीवर पोटावर आडवे झाले होते, गाल लाल जमिनीला टेकलेला, चाफ्याचं फूल खिशातून घरंगळून बाजूला पडलेलं. आजीने आत्ताच पुसलेल्या ओल्या जमिनीवरून ती अनवाणी, डुलत डुलत त्यांच्याकडे येत होती.

"तोंड नको बघू, बाय," ते मला म्हणाले. "बोटं बघ तिची. बोटं."